मागच्या दोन ओळींसाठी, मॅडम

मॅडम, सप्रेम नमस्कार.

प्रवेश न घेतलेल्यांना तासाला बसू द्यावं का, हा विषय निघाला की ‘नियमात बसत नाही’ म्हणून मिटवला जातो. उष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राच्या, वर्गात तुम्ही तो मिटू दिला नाहीत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

तुमची पद्धत इतर विभागांनाही उचलता येईल. सत्राआधी विभागप्रमुखांच्या नावे साधा अर्ज, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. त्यावर सही-शिक्का आणि एक प्रत फाटकावर. ही फाटकावरची प्रत विसरली, तर परवानगी असूनही माणूस बाहेरच अडतो. वर्गात फक्त मागच्या दोन ओळी, त्याही तास सुरू होऊन पाच मिनिटं झाल्यावर. तोवर जागेवर हक्क फी भरलेल्या मुलांचा.

बाहेरच्यांची नावं हजेरीपटात घ्यायची नाहीत, यावर तुम्ही ठाम राहिलात. हजेरीवर परीक्षेची पात्रता ठरते; एकदा नाव चढलं की ‘आम्हालाही परीक्षेला बसू द्या’ हा वाद ठरलेलाच. म्हणून वेगळी वही. प्रॅक्टिकललाही तुमचा नकार योग्यच होता: उपकरणं बॅचपुरती मोजकी, आणि अपघात झाला तर जबाबदारी कुणाची?

बाहेरच्यांची गळती होते ती आंशिक विकलन (अनेक चलांपैकी एकच बदलून काढलेला बदलाचा दर) आलं की. ते आधीच ओळखून तुम्ही पहिल्या तासापूर्वी दहा उदाहरणं सोडवून आणायला सांगता. ज्याला ती जमत नाहीत, त्याला आधी काय वाचायचं तेही सांगता. एवढं कोण करतं?

बाहेरच्यांनी तासात मध्येच प्रश्न विचारायचे नाहीत, अर्ध्या कागदावर लिहून द्यायचे. एका चिठ्ठीत एन्ट्रॉपीबद्दल (ढोबळमानाने, ऊर्जा किती विखुरली याचं माप) होतं, ‘वायू निर्वातात पसरला, उष्णता शून्य, मग एन्ट्रॉपी वाढली कशी?’ पुढच्या तासाला तुम्ही फळ्यावर त्याच दोन अवस्था जोडणारा समतापी (तापमान न बदलणारा), व्युत्क्रमी (उलट दिशेनेही तसाच नेता येणारा) मार्ग काढलात आणि बदल त्यावरून मोजून दाखवलात, कारण एन्ट्रॉपी अवस्थेवर ठरते, मार्गावर नाही. ती आकृती पुढच्या बाकांवरच्या मुलांनीही उतरवून घेतली. बाहेरच्यांमुळे वर्गाचं नुकसान होतं म्हणणाऱ्यांनी त्या मुलांच्या वह्या जरूर बघाव्यात.

पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्सची स्थापना १५३० सालची. तिथली व्याख्यानं सर्वांना खुली. नोंदणी नाही, पदवीही नाही. आपल्याकडे पदवीचे वर्ग आणि मोजकी बाकं, त्यामुळे तुमच्यासारखी शिस्त लागतेच.

पुढच्या सत्राचे अर्ज एकत्र करून, झेरॉक्स जोडून, आम्हीच विभागात आणून देऊ. फाटकावरची प्रतही.

आपले कृतज्ञ,
मागच्या दोन ओळींतले सगळे