आई, तुझ्या स्वयंपाकात काही उणं नव्हतं

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई रडली, ते रात्रभर मनातून गेलं नाही. "इतकी वर्षं स्वतःच्या हातानं करून घातलं, मग यांचं रक्त कमी झालंच कसं?" आई, तुझ्या स्वयंपाकात काही उणं नव्हतं. एवढंच सांगायला बसले आहे.

बाबांचा रिपोर्ट मी दोनदा वाचला. हिमोग्लोबिन ९.२ आणि एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ११२. थोडक्यात लाल पेशी कमी, पण आकाराने मोठ्या. लोह कमी पडलं तर त्या लहान होतात. म्हणूनच तीन महिने लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर सगळं करूनही आकडा हलला नाही. कमी आहे ते बी-१२ जीवनसत्त्व, आणि ते पालकात नसतं, डाळीतही नसतं. आपल्यासारख्या शाकाहारी घरात सगळी मदार दुधा-दह्यावर. बाबांचं दूध कधीच सुटलं. चहातलं चमचाभर राहिलं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यात औषधं. अन्नातलं बी-१२ मोकळं व्हायला जठरात आम्ल लागतं. ते वयाबरोबर कमी होतं, आणि बाबा सहा वर्षं रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी घेताहेत. शिवाय साखरेसाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन. त्यानेही बी-१२ कमी शोषलं जातं. पण बाबा, यातलं काहीही आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टर ठरवतील.

दिवाळीत बाबा तुळशीपाशी आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. पायरीवरच निसटली होती आणि त्यांना कळलंही नव्हतं. वयामुळे होत असेल म्हणत मी ती उचलून आणून दिली. मेतकूट-भातसुद्धा जिभेला झोंबतो म्हणाले, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बी-१२ नसांनाही लागतं गं. म्हणून शेजारच्या काकूंनी सुचवलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी नुसती देऊ नकोस. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा आतून बिघडत राहतात.

बाबा, बी-१२च्या इंजेक्शनला नाही म्हणू नका. १९२६ साली बोस्टनमध्ये मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी अशा रोग्यांना रोज भरपूर यकृत खायला घालून जगवलं. त्याआधी तो आजार जीवघेणाच होता. त्या रोग्यांच्या जठरात बी-१२ शोषायला लागणारं प्रथिनच बनत नसे. तुमचं तसं काही आहे का, ती तपासणी शनिवारी आहे. आई, तुझंही रक्त त्याच दिवशी देऊ. तूही तेच जेवतेस.

मी शुक्रवारी रात्री पोचते. तोवर न्हाणीघराच्या दारातलं सरकणारं पायपुसणं काढून टाक आणि रात्री बोळातला दिवा चालू ठेव. अंधारात त्यांच्या पायांना जमीन नीट कळत नाही.

तुमची,
माई