मेंदूज्वराची लस घेतलेल्या मुलाला डेंग्यू होणार नाही का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

विदर्भातील धानपट्ट्यात बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर जपानी मेंदूज्वराच्या लसीचा पहिला डोस देतात आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. लसीकरण सत्रात अनेक आयांच्या मनात एकच प्रश्न असतो: ही डासाच्या रोगाची लस असेल, तर डेंग्यूही टळेल ना? आशा सेविकांना देता येईल असे शासनाचे लेखी उत्तर आमच्या पाहण्यात नाही. ते आपल्या विभागाने द्यावे, यासाठी हे पत्र.

प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. जपानी मेंदूज्वर, डेंग्यू आणि झिका यांचे विषाणू एकाच कुळातले आहेत. त्यांच्या बाहेरील आवरणातील प्रथिने इतकी सारखी असतात की, एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे (विषाणूशी लढण्यासाठी शरीर रक्तात तयार करते ती प्रथिने) दुसऱ्यालाही चिकटतात. चिकुनगुन्याचे कूळ मात्र वेगळे, त्यामुळे त्याचा येथे संबंधच येत नाही. पण प्रतिपिंड चिकटले म्हणजे विषाणू निकामी झाला, असे नसते. डेंग्यूच्याच चार प्रकारांपैकी एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, इतर तिघांपासून मात्र काही महिनेच. आणि पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर जुनी, अपुरी प्रतिपिंडे विषाणूला पेशीत शिरण्यास मदत करतात व आजार अधिक गंभीर होऊ शकतो.

मेंदूज्वराच्या लसीबाबतचा पुरावा एकाच दिशेने जात नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. थायलंडच्या काम्फेंग फेट प्रांतातील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 1988 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तेव्हा वापरलेल्या लसीने मेंदूज्वरापासून सुमारे 91 टक्के संरक्षण दिले, पण डेंग्यूच्या बाबतीत फार तर आजाराची तीव्रता थोडी कमी झाल्याचे संकेत मिळाले. त्याच प्रांतातील शाळकरी मुलांच्या 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र ज्यांच्या रक्तात मेंदूज्वराची प्रतिपिंडे आधीपासून होती, त्यांच्यात डेंग्यूची लक्षणे दिसण्याचे प्रमाण अधिक आढळले. यावरून लस टाळावी, असा अर्थ कोणी काढू नये. मेंदूज्वर मुलांचा जीव घेतो, वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व देतो, आणि त्याविरुद्ध ही लस उत्तम आहे. तिच्याकडून डेंग्यूच्या संरक्षणाची अपेक्षा ठेवू नये, एवढेच.

ही गोष्ट आधीच सांगणे का गरजेचे आहे, ते फिलिपिन्सने दाखवले. तेथे 2016 पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस देण्यात आली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेलाच नव्हता, त्यांना लसीनंतर लागण झाल्यास आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो, हे उत्पादक कंपनीने नोव्हेंबर 2017 मध्ये जाहीर केले आणि मोहीम थांबली. त्यानंतर लोकांचा इतर लसींवरचाही विश्वास ढासळला. ही तर डेंग्यूचीच लस होती. दुसऱ्या रोगाच्या लसीवर डेंग्यूचा भरवसा ठेवणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून लसीकरण कार्डावर आणि आशा सेविकांच्या माहितीपत्रकात एक वाक्य छापावे: ही लस जपानी मेंदूज्वरासाठी आहे, डेंग्यू व झिकासाठी नाही. मेंदूज्वराचे क्यूलेक्स डास धानाच्या बांध्यांत वाढतात, तर डेंग्यूचे एडिस घरातल्या टाकीत आणि कूलरमध्ये. त्यामुळे लस घेतलेल्या घरानेही पाणी झाकलेच पाहिजे, हेही त्याच पत्रकात यावे.

दुसरी मागणी थोडी तांत्रिक आहे, पण माझ्या मते अधिक महत्त्वाची. तापाच्या रुग्णाचे रक्त डेंग्यूच्या आयजीएम चाचणीसाठी, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीसाठी, पाठवताना त्याने मेंदूज्वराची लस कधी घेतली, याची नोंद त्या अर्जात सक्तीची करावी. प्रतिपिंडांच्या या सरमिसळीमुळे अहवाल फसवू शकतो. जेथे शंका असेल तेथे आजाराच्या पहिल्या दिवसांत प्रतिपिंडांऐवजी थेट विषाणूचाच अंश शोधणारी एनएस1 किंवा आरटी-पीसीआर चाचणी करण्याचे निर्देश द्यावेत. त्याच नोंदींतून लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांमधील डेंग्यूची तीव्रता आपल्याच राज्यात ताडून पाहता येईल. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था हाताशी असताना या उत्तरासाठी थायलंडवर विसंबून राहणे शोभत नाही.

भारतीय डेंग्यू लसीची मोठी चाचणी ऑगस्ट 2024 मध्ये सुरू झाली, ती प्रौढांवर आहे. मुलांची पाळी येईल तेव्हा धानपट्ट्यातील बहुतेक मुलांनी मेंदूज्वराची लस घेतलेली असेल. तोवर या नोंदी तयार असाव्यात, म्हणून हे निर्देश येत्या पावसाळ्यापूर्वी निघावेत, ही विनंती.

आपला नम्र,
धानपट्ट्यातील एक पालक