सूर्यघड्याळ आधी मोजा, मग दुरुस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बॉम्बे कॅसलमधील जुन्या सूर्यघड्याळावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘आयएनएस आंग्रे’ या नौदल तळाच्या आवारात असल्याने ते सामान्य मुंबईकराला सहसा पाहायला मिळत नाही. पोर्तुगीजांनी उभारलेले समजले जाणारे हे घड्याळ बारा तास न दाखवता दिवसातल्या काही ठरावीक वेळाच दाखवते, असे म्हणतात. त्या वेळा कोणत्या, हे अंदाज बांधून कळणार नाही. कोनमापक घेऊनच बसावे लागेल.

घड्याळ ‘चुकीची वेळ दाखवते’ हा लेखातला शेरा मात्र अन्यायाचा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मुंबई ७२.८ अंशांवर, अंशाला चार मिनिटे धरली तर फोर्टात खरी माध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, सरासरी १२:३९ ला होते. १९५५ पर्यंत पाळला जाणारा ‘बॉम्बे टाइम’ प्रमाणवेळेच्या मागे होता तो याच ३९ मिनिटांनी. शिवाय फेब्रुवारीच्या मध्याला माध्यान्ह १२:५३ पर्यंत पुढे जाते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ ला येते. मनगटी घड्याळाशी ताडून निकाल देणे म्हणूनच व्यर्थ.

पहिले काम उत्तर दिशा पक्की करण्याचे. होकायंत्र नको, जवळपासच्या तोफा आणि लोखंडी सळ्या सुई फिरवतात. आपली शंकूची, म्हणजे सावली मोजण्याच्या उभ्या काठीची, जुनी रीत उत्तम. पाणसळीत बसवलेल्या फळीवर बारा अंगुळे उंचीचा शंकू ओळंबा लावून उभा करायचा, बुडाभोवती पंधरा अंगुळे त्रिज्येचे वर्तुळ काढायचे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळात शिरते आणि दुपारी बाहेर पडते, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. दिवस २२ डिसेंबरच्या आसपासचा घ्यावा: सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण अंतर) तेव्हा जवळजवळ स्थिर असते, आकाशही निरभ्र. माध्यान्हीची सावली अकरा अंगुळांच्या जवळपास भरली नाही, तर शंकू किंवा फळी कललेली आहे.

मग तबकडीवरच्या रेषा. ध्रुवाकडे कललेला काटा असलेल्या आडव्या तबकडीवर तीनची रेषा माध्यान्हरेषेपासून (उत्तर-दक्षिण रेषेपासून) मुंबईच्या अक्षांशाला १८ अंशांवर पडते, लिस्बनच्या अक्षांशाला ३२ अंशांवर. इतका मोठा फरक झिजलेल्या दगडावरही लपत नाही. आखणी इथल्या सूर्यासाठी केली की परदेशी नमुना उतरवला, ते इथेच उघड होईल. रेषा काट्याच्या बुडाशी एकत्र येतच नसतील, तर तास मोजण्याची पद्धतच वेगळी मानावी आणि प्रार्थनेच्या वेळांशी ताडून पाहावे.

तोवर तारेचा ब्रश, आम्ल आणि रंग यांपासून दगड जपावा. खाऱ्या हवेत गंजलेला काटा ‘सरळ’ करू नये. त्याचा कल हाच पुरावा आहे. पुसट रेषा टॉर्चचा उजेड दगडालगत तिरपा टाकून छायाचित्रांत टिपता येतात.

नौदलाने नेहरू तारांगणातील जाणकारांना एक दिवस मोजणीची परवानगी द्यावी, ही कळकळीची विनंती. २२ डिसेंबरला माध्यान्ह १२:३७ ला आहे. शंकू सकाळी दहाच्या आत उभा असायला हवा.

आपले,
खगोलप्रेमी वाचक, दादर, मुंबई