दादाच्या वाढदिवसाबद्दल थोडं

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी ‘बरं, बघू’ म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितेय. दादा गेल्यापासून त्याच्या वाढदिवसाला आपल्या घरी होतं ते रक्तदान शिबिर यंदा होणार नाही. त्याच्या सगळ्या मित्रांशी मी बोलले आहे, रक्तपेढीलाही कळवलं आहे. म्हणजे ठरलं आहे. पण शेवटपर्यंत वाचा आणि मग काय रागवायचं ते रागवा.

रक्तदान बंद होत नाहीये, हे आधी सांगते. बाबा, रक्तपेढीतल्या त्या बाईंशी मी बराच वेळ बोलले. दिलेलं रक्त फार दिवस टिकत नाही. तांबड्या पेशी थंड पेटीत ३५ ते ४२ दिवस राहतात, प्लेटलेट्स तर जेमतेम ५ दिवस. आपण सगळे एकाच दिवशी देतो, त्या आठवड्यात पेढी भरून जाते आणि दीड महिन्यानं पुन्हा तीच ओढाताण. तोवर आपल्यापैकी कुणाला बोलवायचं म्हटलं तर कुणीच चालत नाही, कारण दोन रक्तदानांमध्ये तीन महिने तरी जावे लागतात, आम्हा बायकांना चार. सगळे एकदम दिलेले, सगळे एकदम थांबलेले. थॅलेसेमिया असलेल्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, वर्षभर, आयुष्यभर. दादाची तारीख आपल्यासाठी मोठी आहे, पण त्या पोरांना बाकीचे महिनेही काढायचे असतात ना?

म्हणून मित्रांनी महिने वाटून घेतले आहेत. दर महिन्याला दोघं-तिघं देणार. वाढदिवसाचा महिना मी मागून घेतला.

आई, आता तुझ्याशी. त्या दिवशी घर भरतं, दाराशी चपलांचा ढीग पडतो, कुणीतरी अगदी त्याच्यासारखं मोठ्यानं हसतं आणि तू आतल्या खोलीतून बाहेर येऊन बघतेस. मला माहीत आहे ग. ते तुझ्यापासून काढून घ्यायचं माझ्या मनातसुद्धा नाही. पण इतक्या गर्दीत तुला कुणाशीच धड बोलता येत नाही; रात्री तू म्हणतेस की अमक्याला विचारायचं राहिलं, तमक्याची बायको कशी आहे ते कळलंच नाही. आता ज्यांचा महिना असेल ते रक्त देऊन संध्याकाळी तुमच्याकडे येतील. निवांत बसतील. हे मी त्यांच्यावर लादलेलं नाही, त्यांनीच आनंदानं कबूल केलं. वर्षातून एक दिवस भरलेलं घर आणि मग शुकशुकाट, त्यापेक्षा हे तुला आवडेल असं मला मनापासून वाटतं. नाहीच आवडलं तर सांग, पण वर्षभर करून बघून सांग.

आणि खरं कारण लपवत नाही. गेल्या वेळी बाबा दिवसभर उभे होते. पाय सुजले, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जावं लागलं आणि मला ते शेजारच्या काकूंकडून कळलं. तुम्हाला वाटलं मी काळजी करेन. करणारच ना, बाबा! दादा असता तर त्यानं तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवलं असतं. त्याच्या आठवणीत त्याच्याच आई-बाबांचे हाल व्हावेत, हे त्याला चाललं असतं का?

बाबा, तुम्ही बाही वर करून बसलात आणि त्यांनी वय विचारलं, तेव्हाचा तुमचा चेहरा मी विसरलेले नाही. पासष्टीच्या पुढे बहुतेक ठिकाणी रक्त घेत नाहीत, नियम तुमच्याच जिवासाठी आहे. तुम्ही जन्मभर दिलंत. आम्ही दोघं लहान असताना कोपराच्या घडीवरचा तो कापसाचा बोळा बघून मी रडले होते आणि दादानं मला समजावलं होतं की बाबांना काही झालेलं नाही, बाबांनी कुणालातरी दिलंय. ते मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकलं. आता तुमच्या वाटणीचं मी देते.

पाटीचं मात्र मनातून काढा, बाबा. हॉलवर त्याचं नाव कोरायचं, हे मला पटत नाही. तुम्ही स्टॅनफर्डचं उदाहरण दिलंत, ते बरोबर आहे. लेलँड स्टॅनफर्ड ज्युनिअर १८८४ साली विषमज्वरानं गेला, अवघा १५ वर्षांचा. आई-वडिलांनी त्याच्या नावानं विद्यापीठ उभं केलं, १८९१ मध्ये ते सुरू झालं. केवढं मोठं काम! पण आज ते नाव घेताना तो मुलगा किती जणांच्या मनात येतो? आणि आपल्या हातून याहून मोठं काम आधीच झालं आहे. त्या रात्री आई रडत होती आणि रडता रडताच तिनं नेत्रपेढीला फोन लावायला सांगितला, कारण सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात हे तिला पक्कं माहीत होतं. १९०५ साली एदुआर्द झिर्म नावाच्या डॉक्टरांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा यशस्वीपणे बदलला, तोही एका मुलाच्या निकामी झालेल्या डोळ्यातून काढून. तेव्हापासून हे चालत आलं आहे. दोन डोळ्यांनी दोन माणसांना दिसू शकतं. ती कोण, हे ते सांगत नाहीत. तुम्ही दोन-तीनदा विचारून आलात, मला ठाऊक आहे. पण ती माणसं कुणाचंही ओझं न घेता बघत असतील, हेच मला बरं वाटतं. दादा कुठे सांगायचा? तो अंध मुलांचा लेखनिक म्हणून परीक्षेला बसायचा हे आपल्याला केव्हा कळलं, आठवा.

त्यावरून आई, तुझ्यासाठी काम आहे. त्या मुलांना अभ्यासाची पुस्तकं मोठ्यानं वाचून, रेकॉर्ड करून हवी असतात. तुझा आवाज! दिवे गेले की तू कंदिलाशी बसून वाचायचीस आणि आम्ही दोघं एकाच पांघरुणात शिरून, झोप आली तरी ‘अजून एक पान’ म्हणायचो. मोबाईलवर कसं रेकॉर्ड करायचं ते मी आले की शिकवते. रोज अर्धा तास, त्याहून जास्त नाही, घसा बसतो तुझा. बाबांनी आकडे आणि आकृत्या समजावून सांगायच्या, ते त्यांना छान जमतं.

आता हे ऐकायचंच. बाबांनी रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यायची, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. आईनं दादाचं कपाट पुसायला स्टुलावर चढायचं नाही. वरचा कप्पा मी पुसेन, तोवर धूळ राहू दे. न्हाणीघराचा दिवा रात्रभर चालू ठेवायचा. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. पोरं यायची असतील तेव्हा दुपारी दोघांनीही पडायचं, आवराआवर करत बसायचं नाही, त्यांना पसारा चालतो.

पुढच्या महिन्यात पहिले तिघं येतील. त्यांतला एक खूप दिवसांनी येतोय, आई, त्याला दादाच्या खोलीत जायचं असेल तर जाऊ दे. मी वाढदिवसाच्या आदल्या रात्री पोचते. घ्यायला येऊ नका, किल्ली आहे माझ्याकडे.

तुमची,
चिमी