सांगलीहून सातारा दुसऱ्या चरणात

सांगली

चि. चिऊ,

अनेक आशीर्वाद.

साताऱ्याहून मामाच्या मोबाइलवरून पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मिळाला. आकृती काढल्याशिवाय यातलं काही समजावता येत नाही आणि फोनवर आकृती काढता येत नाही, म्हणून पत्र लिहितोय. सोबत आलेख कागद ठेवलेत. ते जपून ठेवू नकोस, भरपूर वापर. संपले की मामाला सांग.

तुझ्या गणितात अ(−2, 3) आणि ब(4, −5) या दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं होतं. तू सूत्र बरोबर लिहिलंस, वर्गही बरोबर केलेस, पण 4 मधून −2 वजा करताना 2 लिहिलंस आणि उत्तर 68 चं वर्गमूळ आलं. आता सूत्र झाकून ठेव आणि कागदावर दोन्ही बिंदू मांड. अ हा वाय-अक्षाच्या डावीकडे दोन घरं, ब उजवीकडे चार घरं. इकडून तिकडे जायला किती घरं ओलांडावी लागतात? सहा. मग दोन कसे येतील? खाली उतरायला आधी तीन घरं एक्स-अक्षापर्यंत आणि पुढे पाच, म्हणजे आठ. सहा आणि आठ या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू झाल्या, कर्ण दहा. अंतराचं सूत्र म्हणजे पायथागोरसचं प्रमेयच आहे, दुसरं काही नाही. त्रिकोण डोळ्यांसमोर असला की सूत्र विसरलं तरी अडत नाही, आणि चिन्ह चुकलं तर तिथल्या तिथे दिसतं.

ऋण चिन्हानं तुला घाबरवलंय असं मला वाटतं. रने देकार्त या फ्रेंच माणसानं 1637 साली भूमिती आणि बीजगणित एकत्र आणणारा ग्रंथ छापला, पण आज आपण आखतो तसे काटकोनातले दोन अक्ष त्यात नाहीत. ऋण बाजू सर्रास वापरायची सवय गणितज्ञांनाही नंतरच लागली. तेव्हा तुला थोडा वेळ लागला तर वाईट वाटून घेऊ नकोस.

ऋण चिन्ह फक्त दिशा सांगतं. आपलंच बघ. सांगली साधारण 16.85 अक्षांशावर आणि 74.56 रेखांशावर आहे, सातारा 17.68 आणि 74.00 च्या आसपास. (नकाशात अक्षांश आधी सांगतात, म्हणजे वाय निर्देशक आधी येतो. आपल्या गणितात एक्स आधी. इथे बरेच जण गडबडतात.) अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. रेखांशाचा अंश आपल्या भागात थोडा कमी भरतो, 106 च्या आसपास. दोन्ही फरकांना गुणलंस तर सातारा सांगलीच्या उत्तरेला सुमारे 92 आणि पश्चिमेला सुमारे 60 किलोमीटर येतो. सांगलीला आरंभबिंदू, म्हणजे (0, 0), धरलं तर सातारा झाला (−60, 92), म्हणजे दुसऱ्या चरणात, अक्षांनी पडणाऱ्या चार भागांपैकी डावीकडच्या वरच्या भागात. तू साताऱ्यात बसून आरंभबिंदू तिथेच धरलास तर मी (60, −92), चौथ्या चरणात, उजवीकडे खाली. चिन्हं उलटली, चरण बदलला, पण मधलं अंतर दोन्हीकडून तेवढंच, सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटर. कराडवरून एसटीनं येताना जास्त पडतं, कारण रस्ता काही कर्णावरून जात नाही.

आरंभबिंदू आपण ठरवायचा असतो. तो हलवला की सगळ्या बिंदूंचे आकडे बदलतात, अंतर बदलत नाही. मघाच्या गणितात अ लाच आरंभबिंदू धर, ब आपोआप (6, −8) होतो. उत्तर पडताळायला मला याहून सोपा मार्ग माहीत नाही.

मी जमीन मोजणीच्या कामात इतकी वर्षं हेच करत आलोय. पूर्वी शंकू-साखळीनं मोजणी व्हायची; शंकू म्हणजे काटकोन साधायचं साधन. साखळी 33 फुटांची. तिच्या लांबीएवढ्या बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. शेतातून एक सरळ ओळ धरून साखळी टाकत जायची. बांध जिथे वळतो तो कोपरा समोर आला की शंकूनं काटकोन साधायचा आणि ओळीपासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. ओळीवर किती आलो आणि तिथून बाजूला किती गेलो, असे प्रत्येक कोपऱ्याला दोन आकडे. हेच तुझे एक्स आणि वाय. बाजूला म्हणजे डावीकडे की उजवीकडे, ही नोंद चुकली तर कोपरा ओळीच्या पलीकडे जाऊन पडतो आणि दोन भाऊबंद बांधावरून तहसीलदारापर्यंत जातात. चिन्हाबद्दल मी एवढा आग्रह का धरतो, ते यावरून कळेल. आता रोव्हर हे यंत्र उपग्रहांच्या मदतीनं कोपऱ्याची जागा काही क्षणांत देतो, पण तोही शेवटी आकडेच देतो, आणि ते कुठून मोजलेत हे माहीत असावंच लागतं.

एक कर. चार साखळ्या लांब आणि तीन साखळ्या रुंद असं शेत काढ, 12 गुंठ्यांचं. एक कोपरा (0, 0) घे आणि समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण काढ. पाच साखळ्या आला पाहिजे, म्हणजे 165 फूट. मग आरंभबिंदू शेताच्या बरोबर मध्यात ने आणि पुन्हा काढ. अपूर्णांक येतील, येऊ देत.

रेषेच्या चढाचं, म्हणजे ती किती तिरकी आहे याचं, तू काही विचारलं नाहीस, पण ते पुढे आहेच, आणि सांगलीच्या मुलीला ते अवघड जाऊ नये. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 ला धोका, हे तू लहानपणापासून ऐकतेस. एक्स-अक्षावर तास घे, वाय-अक्षावर फूट. इशारा म्हणजे वाय = 40 आणि धोका म्हणजे वाय = 45, दोन्ही एक्स-अक्षाला समांतर रेषा. समज, सकाळी सहाला पाणी 36 फूट होतं आणि दुपारी बाराला 39. वर तीन, आडवं सहा, चढ अर्धा, म्हणजे तासाला सहा इंच. वेग असाच राहिला तर इशाऱ्याची रेषा दोनला गाठेल. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा घरोघरी एकच प्रश्न होता, तासाला किती वाढतंय? तो चढाचाच प्रश्न. पाणी स्थिर असेल तर चढ शून्य, उतरायला लागलं की ऋण. आणि उभ्या रेषेचा चढ का ठरवता येत नाही? वेळ पुढे न जाता पाणी वाढल्यासारखं ते होईल. छेदात शून्य येतो आणि शून्यानं भागता येत नाही.

या आलेखावर अंतराचं सूत्र मात्र लावू नकोस. तास आणि फूट यांच्या वर्गांची बेरीज करून काही अर्थ निघत नाही. दोन्ही अक्षांवर एकच एकक असेल तेव्हाच ते चालतं.

तुझी मागची तीन गणितं मी मुद्दाम सोडवून दिलेली नाहीत. आधी आकृती, मग सूत्र, या क्रमानं तू कर आणि पुन्हा फोटो पाठव. आकृतीसकट पाठव, मी नुसतं उत्तर बघणार नाही. आईनं मामीसाठी हळद दिली आहे, ती पुढच्या आठवड्यात येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. मामा-मामींना नमस्कार सांग.

तुझे
पप्पा