बाबा, वाचन सोडू नका

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावानं सलाम.

बाबा, तुम्ही पाळकसाहेबांना सांगून वाचकांच्या यादीतून आपलं नाव काढायला लावलंत, हे आईकडून कळलं. कारणही कळलं. हिंदी उपासनेला घरचं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, नेलंत, तेविसावं स्तोत्र उघडलंत आणि 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' इथपासून शेवटपर्यंत मराठीतच वाचलंत. खाली बसल्यावर लक्षात आलं. त्या रात्री वहीत लिहिलंत म्हणे, की देवाच्या सेवेत ज्याचं भान सुटतं त्यानं बाजूला व्हावं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

ती वही मी लहानपणापासून बघत आलेय. रामबागेतल्या घरी जेवणं आटोपली की दिवसभरात काय चुकलं ते तुम्ही लिहायचात आणि खाली त्यातून शास्त्रातलं काय उमगलं तेही. भाजीवाल्याला कमी पैसे दिले गेले म्हणून परत जाऊन चुकते करून आलात, त्या रात्री लुबाडलेले पैसे चौपट परत करू म्हणणाऱ्या जकातदार जक्कयाची गोष्ट लिहिली होती आणि आम्हाला वाचूनही दाखवली होती. माझा विश्वास रविवारच्या शाळेपेक्षा त्या वहीनं जास्त घडवला. म्हणूनच आता तिच्याशी भांडायचं धाडस करतेय. हल्ली दूध उतू गेलं, किल्ली दारालाच राहिली, औषध दोनदा घेतलं, आणि प्रत्येकाखाली एकच धडा: जागे राहा, हिशेब द्यावा लागेल. शास्त्र चुकणाऱ्या माणसाशी एवढंच बोलतं का?

लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय बघा. वल्हांडण हा यहुदी सण करून येशूची आई मरीया आणि योसेफ यरुशलेमहून निघाले. बारा वर्षांचा येशू मागे राहिलाय, हे त्यांना कळलंच नाही. सोबतच्या लोकांत असेल असं धरून ते एक दिवसाची वाट चालून गेले. तो मंदिरात सापडला तो तीन दिवसांनी. देवानं आपला पुत्र ज्यांच्या हाती सोपवला, त्यांच्याकडूनच तो मागे राहिला! पण त्यांच्याकडून ते काम काढून घेतलं गेलं नाही. उलट तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, असं पुढे स्पष्ट लिहिलंय.

कबरेपाशी येशूच्या मागे चालणाऱ्या मग्दालीया मरीयेनं मरणातून उठलेल्या प्रभूला माळी समजून त्याच्याकडेच मृत शरीराची चौकशी केली. याहून मोठी गफलत कुठली? त्यानं फक्त तिच्या नावानं हाक मारली आणि शिष्यांना निरोप सांगायला तिलाच पाठवलं. योहानाच्या विसाव्या अध्यायातलं हे मी किती वेळा वाचलं असेल, पण तुमची गोष्ट ऐकल्यावर त्यातला क्रम मला दिसला. आधी चूक, लगेच हाक आणि मग काम.

शिष्य पेत्रानं 'मी येशूला ओळखत नाही' म्हणून नाकारलं, ते वेगळं. तिथे भीतीपोटी, समजून उमजून तोंड फिरवलं होतं. त्यासाठी तो रडला, ते योग्यच होतं. पण म्हातारपणी बोटांतून काही निसटतं, त्याचा पश्चात्ताप देव मागत नाही. आपण माती आहोत याची त्याला आठवण असते, असं एकशे तिसरं स्तोत्र सांगतं. दूध उतू गेलं तर ओटा पुसावा, वहीत देवाचा कोप लिहू नये.

आणि प्रत्येक विसरण्यात धडाच शोधायला हवा असंही नाही. बी-12 कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी माणूस विसरतो, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. औषध दोनदा घेतलं गेलं, हे तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. या आठवड्यात जाऊन या. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे, हे तुम्हीच आजीला सांगायचात.

आई, तुझ्यापाशीही एक मागणं आहे. 'पुन्हा विसरलात ना?' हे चारचौघांत म्हणू नकोस. तू दमतेस, सगळं तुझ्याच अंगावर येतं, मला कळतं. पण बाबा ते वाक्य रात्री वहीपर्यंत घेऊन जातात. त्या दिवशी उपासनेनंतर पोहे खाताना एक आजी तुझ्यापाशी येऊन रडल्या, माहेर सुटल्यापासून हे स्तोत्र मराठीत कानावर पडलं नव्हतं म्हणाल्या. हे तू मला सांगितलंस, बाबांना सांगितलंस का? नसेल तर आज सांग. त्या रविवारी एका माणसापर्यंत वचन पोचलं, तेही बाबांच्या वहीत यायला हवं.

बाबा, पाळकसाहेबांना फोन करून नाव परत घालायला सांगा. शनिवारी रात्रीच हिंदी बायबल पिशवीत ठेवा आणि वाचायच्या पानाला खूण घाला. उभं राहवत नसेल तर खुर्ची मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. मी नाताळला येतेय. तेव्हा लूकचा दुसरा अध्याय तुमच्या तोंडून ऐकायचाय, घरी मराठीत आणि मंडळीत हिंदीत.

तुमची लेक