त्या रात्रीची काडतुसं

सराफ बाजार, नाशिक

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल समीररावांच्या तोंडून निसटलं म्हणून कळलं. तू सांगितलं नसतंसच. तू घरी भरलेल्या काडतुसाचा भर सामन्यात बार फुसका गेला, गोळी नळीतच अडकली आणि पंचांनी ओरडून थांबवलं म्हणून पुढची सुटली नाही. सुटली असती तर नळी फाटली असती, हेही तेच बोलून गेले. आईला मी यातलं अर्धंच सांगितलंय.

रागवायला लिहीत नाही. काडतुसाच्या पुंगळीत दारू पडलीच नव्हती, नुसत्या प्रायमरने, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीने, गोळी ढकलली, एवढं मला कळतं. पण एखादी रिकामी राहते, तर एखादीत दुप्पटही पडेल ना? तूच म्हणाली होतीस, तुझी दारू इतकी थोडी लागते की पुंगळी अर्धीही भरत नाही. म्हणजे दोनदा पडली तरी मावते, आणि गोळी बसली की बाहेरून कळायचं नाही. तेव्हा गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून बघ. काडतुसं भरायच्या यंत्रावर चांगला दिवा लाव.

वजनाचं तुला मी काय सांगू? तोळ्याचे ग्रेन १८०, गुंजा ९६, हे तू पाढ्यांच्या आधी शिकलीस. तुझी गोळी १४७ ग्रेनची, हे ऐकून आप्पा पटकन म्हणाले असते, ‘तोळ्याला ३३ कमी.’ शाळेतून आलीस की गल्ल्यामागे बसून हळूच काट्यावर फुंकर मारायचीस आणि आकडा हलला की खिदळायचीस. आप्पा काचेची दारं लावल्याशिवाय नथीतला मोतीही तोलत नसत. तुझ्या गॅरेजात पंखा आहे, व्हिडिओत दिसला. दारू तोलताना बंद करतेस ना? तुझा काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. तेवढं वाऱ्याने सहज हलतं.

तुमच्या सामन्यात गोळीचा जोर मोजतात, गोळीचं वजन गुणिले वेग भागिले हजार, आणि १२५ च्या खाली आलं तर सगळे गुण गेले, हे मी आता बाजारात लोकांना समजावतो. १४७ ची गोळी सेकंदाला ८८० फुटांनी गेली की १२९ येतात. सामन्यातल्या वेग मोजायच्या यंत्रावर वेग थोडा कमी भरला तरी अडू नये म्हणून चार वर ठेवतेस, हे मला फार आवडलं. घट धरून घडवणारा सोनारच तो. पॅरिसला स्वप्नील कुसळेला ब्राँझ मिळालं तेव्हा मी पेढे वाटले होते. ‘तुमचा कोण?’ विचारलं, तर म्हटलं, माझी मुलगीही नेमबाज आहे. त्याची रायफल, तुझं पिस्तूल, हा फरक ऐकायला मात्र कोणी थांबलं नाही.

इथे भारतात परवान्याशिवाय काडतुसं भरायला बसली असतीस तर पोलीस दारात आले असते. खरं सांगू? कधी कधी वाटतं, आलेलेच बरे.

शार्दूल झोपल्यावर भरायला बसतेस, दिवसभर ऑफिस करून. डोळे मिटत असतील तर बसूच नकोस. फोन आत ठेव. मध्ये उठावं लागलं तर हातातली पुंगळी ओतून टाक आणि पुन्हा भर. तिथे चहा नको. वापरलेल्या पुंगळ्या साफ करताना उडते त्या धुळीत शिसं असतं. हात साबणाने धुतल्याशिवाय पोराला उचलू नकोस. डाग देताना केडीएमच्या, म्हणजे कॅडमियमच्या, धुराने दादाकाकांची छाती काय झाली ते तू पाहिलंयस. तेही म्हणायचे, मला काय होतंय.

झालं सुरू माझं. माफ कर. चाळिशीला आलेल्या इंजिनिअर मुलीला हात धुवायला सांगतोय.

आईने मेतकूट आणि चिवडा दिलाय, नंदामावशी पुढच्या महिन्यात आणेल.

एकच विचारतो. त्या रात्री भरलेली बाकीची काडतुसं कुठे आहेत? वापरू नकोस. शंभर असोत नाहीतर हजार, एकेक उघडून दारू काढून टाक. नुकसान माझ्याकडे लाव. आणि समीररावांना काही बोलू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी तेही सांगायचे नाहीत.

तुझा,
बाबा